बटण दाबलं की मोजणी, मग सर्व्हेअर कशाला?

जुनी_साखळी

मंडळी, बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून धागा काढतोय. तीस वर्षं हद्दी, रस्ते, कालवे मोजतोय. सुरुवात केली तेव्हा आमची पार्टी पाच जणांची असायची. एक यंत्रावर, एक फील्डबुकात, दोघं टेपच्या दोन टोकांना आणि एक स्टाफ (आकडे लिहिलेली उंच पट्टी) धरून उन्हात उभा. नवा पोरगा आधी वर्षभर नुसता स्टाफ धरायचा. तो सरळ धरायला शिकला की टेप, मग फील्डबुक, आणि यंत्राला हात लावायला तिसरं वर्ष उजाडायचं.

आता मी एकटा जातो. रोबोटिक टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र, तिपाईवर उभं करतो आणि त्याचा किरण परतवणाऱ्या प्रिझमची काठी घेऊन चालू लागतो. यंत्र माझ्याकडे बघत आपोआप वळत राहतं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं कोण, तर त्याची बीप.

परवा एका जमीनमालकाने काम संपल्यावर विचारलं, "काका, तुम्ही तर नुसती काठी धरून पाच-पाच सेकंद उभे राहिलात. यात तुमचं काय?" रागाने नाही हो, अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मला चटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मात्र पन्नास उत्तरं सुचली. म्हणून तुम्हाला विचारतो: या धंद्यात आता माणसाचं काम नेमकं काय उरलंय?

रोव्हर

साखळीकाका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण जुन्या दिवसांचं एवढं कौतुक नको. तीस मीटरची पोलादी टेप दहा अंशांनी तापली की जवळजवळ साडेतीन मिलिमीटर लांबते. किती जण तापमान लिहून दुरुस्ती करायचे? ओढ किती किलोची दिली, टेपला झोळ किती पडला, हे कोण बघायचं? मधे नाला आला की टेप हवेत, आणि आकडा अंदाजे.

आज बेस, म्हणजे उपग्रहांचे संदेश घेणारं एक यंत्र, माहीत असलेल्या बिंदूवर ठेवायचा, रोव्हर, म्हणजे काठीवरचं दुसरं तसंच यंत्र, घेऊन निघायचं, उघड्या रानात काही सेकंदांत एक-दोन सेंटिमीटरच्या आत बिंदू. त्यात जादू काही नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. त्याच्या घड्याळात एक नॅनोसेकंद इकडेतिकडे झाला की अंतरात तीस सेंटिमीटरचा फरक. साधा फोन नुसता संदेश पोचायला लागलेला वेळ मोजतो, म्हणून मीटरांत चुकतो. आपलं यंत्र संदेश वाहून आणणाऱ्या लहरीच मोजतं. ती लहर १९ सेंटिमीटर लांबीची, आणि तिचा अगदी छोटा अंश वाचता येतो. मधल्या पूर्ण लहरी किती, हे कोडं सुटलं की 'फिक्स'. नाही सुटलं तर 'फ्लोट'. हे कोडं टेपवाल्या काळात आयुष्यभर सुटलं नसतं.

सहज_डोकावलो

मी या क्षेत्रातला नाही, जमीनवाला आहे. फोनवर एक अ‍ॅप आहे. बांधावरून चालत फेरी मारली की क्षेत्रफळ दाखवतं. मग तुमची काठी कशाला? उगाच वाद घालत नाही, खरंच कळत नाही.

जुनी_साखळी

@सहज_डोकावलो, चांगला प्रश्न. उघड्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. इमारती किंवा झाडं असतील तर त्याहून वाईट. आता ३० बाय ३० मीटरचा तुकडा घ्या, म्हणजे ९०० चौरस मीटर. फोनच्या चुकीने दोन्ही बाजू तीन-तीन मीटर जास्त भरल्या तर होतात १०८९. एकवीस टक्के जमीन हवेतून आली! तुमच्या शेजाऱ्याने त्याच्या फोनवर मोजलं तर त्याचीही वाढू शकते. दोघांचीही जमीन वाढली की भांडण कुणाचं, हे तुम्हीच सांगा.

मोठं रान असेल, पेरणीचा अंदाज घ्यायचा असेल तर अ‍ॅप झकास. खुंटी मारायला नाही.

सहज_डोकावलो

माझ्या शेजाऱ्याकडेही तेच अ‍ॅप आहे. आता कळलं.

आकडेमोड

मी फील्डवर कमी आणि ऑफिसात जास्त. तुमचे सगळ्यांचे बिंदू शेवटी माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे मला दिसतं ते वेगळं. आडव्या मापात रोव्हरने खरोखर क्रांती केली. उभ्या मापात त्याने नवी पंचाईत आणली, आणि ती फार थोड्यांना दिसते.

उपग्रहावरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या आकाराला बसवलेल्या गणिती लंबगोलापासूनची असते. पाणी त्या लंबगोलाला ओळखत नाही. पाणी गुरुत्वाकर्षण ओळखतं, म्हणजे जिओइड: समुद्रसपाटी जमिनीखालूनही पुढे नेली तर मिळेल तो पृष्ठभाग. या दोहोंमधलं अंतर जागोजागी बदलतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात ते शंभर मीटरच्या वर जातं, तिथे जिओइड लंबगोलाच्या तेवढा खाली आहे. एव्हरेस्टची ८८४८.८६ मीटर ही उंची नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केली, तिच्यासाठी शिखरावर नुसतं जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा सांगणारं) यंत्र ठेवून भागलं नव्हतं. खाली गुरुत्वाकर्षण मोजून जिओइडही ठरवावा लागला. नाहीतर 'समुद्रसपाटीपासून' म्हणताना सपाटी कुठली?

आता माझ्याच टेबलावरची गोष्ट. बारा किलोमीटरचा एक कालवा. उतार दहा हजारात एक, म्हणजे किलोमीटरला दहा सेंटिमीटर, एकूण एक मीटर वीस. पार्टीने रोव्हरने उंच्या घेतल्या, जिओइड मॉडेल लावायचं राहून गेलं. त्या पट्ट्यात जिओइड किलोमीटरला पाच सेंटिमीटरने झुकलेला होता. शेवटच्या टोकाला साठ सेंटिमीटरचा घोळ. कागदावर उतार होता तेवढाच, प्रत्यक्षात पाण्याला मिळाला असता निम्मा. प्रत्येक बिंदू यंत्राने 'फिक्स' म्हणून दिलेला, अचूकता दीड सेंटिमीटर, सगळं हिरवं. पकडलं कुणी? एका जुन्या माणसाने, ज्याला संशय आला आणि ज्याने दोन बेंचमार्कांच्या (उंची पक्की माहीत असलेल्या खुणांच्या) मधे साधी लेव्हल मारली, म्हणजे दुर्बिणीने उंचीतला फरक मोजला.

त्या दीड सेंटिमीटरचं काय करायचं, सांगा. आकडा अचूक होता, पण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

रोव्हर

ही चूक यंत्राची नाही ना पण. सेटिंगची आहे.

आकडेमोड

बरोबर. आणि सेटिंग कोण करतं, हाच धाग्याचा विषय आहे.

आणखी एक, राहवत नाही म्हणून. अक्षांश-रेखांश हा दगडावर कोरलेला आकडा नव्हे. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. त्यांची १९९४ ची निर्देशक चौकट (जागेचे आकडे जिच्यावरून धरतात ती) आणि २०२० ची चौकट यांत एकाच खांबाचे निर्देशक साधारण १.८ मीटरने वेगळे. खांब हलला का? त्याच्या शेजाऱ्याच्या हिशोबाने नाही. उपग्रहाच्या हिशोबाने हो. अमेरिकेत तर फुटाचेच दोन प्रकार होते, सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट. फरक दहा लाखात दोन भाग. ऐकायला काहीच नाही, पण निर्देशक वीस लाख फुटांचा असला की चार फुटांची चूक. अखेर २०२२ संपताना सर्व्हे फुटाला निरोप दिला. फाइल उघडली आणि नकाशा 'थोडासा' सरकलेला दिसला की आधी हे आठवा, मग ड्रॉइंग हाताने ओढून बसवा. खरं तर हाताने ओढूच नका. ओढणाऱ्यांना मी ओळखतो.

बिंदुमेघ

ड्रोनवाल्यांच्या वतीने हजेरी. :)

खाणीतले दगडमातीचे ढिगारे मोजायला पूर्वी दोन माणसं दिवसभर ढिगांवर चढउतार करायची. पाय घसरायचे, आणि शंभर-दीडशे बिंदूंत डोंगर बसवायचा. आता वीस मिनिटं उड्डाण आणि लाखो बिंदू. धोक्याच्या उतारावर माणूस चढवावा लागत नाही, एवढं एक कारणही मला पुरेसं आहे.

पण कबुलीही देतो. पहिल्या वर्षी एका लांबट मैदानाचं काम केलं. सगळे फोटो सरळ खाली बघून घेतलेले, जमिनीवर खुणा फक्त चार कोपऱ्यांत. सॉफ्टवेअरने रिपोर्ट दिला: चूक दोन सेंटिमीटर. मी खूश. ग्राहकाच्या माणसाने मधोमध लेव्हलने तपासलं तर जमीन तीस सेंटिमीटर फुगलेली! कॅमेऱ्याच्या भिंगाचा वाक गणिताने नीट ओळखला नाही की सगळा पृष्ठभाग मधे घुमटासारखा वर येतो किंवा बशीसारखा खाली बसतो. आणि ते दोन सेंटिमीटर कुठले? ज्या चार खुणांना धरून गणित बसवलं, त्याच खुणांवर मोजलेली चूक. ज्याने पेपर लिहिला त्यालाच तपासायला दिल्यासारखं झालं.

तेव्हापासून माझा नियम: काही खुणा अशा ठेवायच्या ज्या सॉफ्टवेअरला दाखवायच्याच नाहीत. शेवटी त्यांच्यावर तपासायचं. मधेही खुणा हव्यात, काही फोटो तिरके हवेत, आणि उड्डाणाच्या ओळींची दिशा आडवीउभी बदलायची. वेळ वाढतो. ग्राहक म्हणतो, "ड्रोन तर वीस मिनिटांत येतो ना खाली?" येतो. मी दोन दिवसांनी येतो.

अधूनमधून

ड्रोनने मोजले, ते गवताचे शेंडे. जमीन त्याखाली अर्धा मीटर. आमच्याकडे एका पार्टीने उन्हाळ्यात मोजलं, दुसरीने पावसानंतर. दोन नकाशांच्या वजाबाकीत मातीचा भराव निघाला. भराव कसला, गवत वाढलं होतं.

बिंदुमेघ

हा हा, अगदी खरं. फोटोवरून वरचाच पृष्ठभाग मिळतो. त्यासाठी लायडार, म्हणजे लेझरचे झोत सोडून मोजणारं यंत्र. पण तिथेही गैरसमज आहे: लेझर पानांच्या आरपार जातो असं लोक समजतात. तो पानांच्या फटींतून जातो. एका झोताचे दोन-तीन परतावे येतात, पहिला शेंड्यावरून, शेवटचा नशिबाने जमिनीवरून. दाट, एकमेकांत गुंतलेली झुडपं असतील तर शेवटचा परतावाही झुडपातलाच. मग सॉफ्टवेअर त्यालाच जमीन ठरवतं, कारण त्याला त्याहून खालचं काही दिसलेलंच नसतं.

पाण्याखालची जमीन मोजायला हिरव्या रंगाचा लेझर वापरतात, तो पाण्यात शिरतो. तेही पाणी नितळ असेल तर. गढूळ असेल तर होडी आणि ध्वनिलहरी, नाहीतर काठी.

दाखल्यादाखल

मी वकील आहे, हद्दीचे दावे बघतो. तुम्हा सगळ्यांची चर्चा वाचून मौज वाटली, कारण तुम्ही सगळे 'बिंदू कुठे आहे' यावर बोलताय. कोर्टात प्रश्न असतो 'हद्द कुठे आहे', आणि या दोन गोष्टी वेगळ्या.

अनेक देशांच्या कायद्यात क्रम साधारण असा: मूळ मोजणीच्या वेळी जमिनीवर रोवलेली, न हललेली खूण आणि कागदावर लिहिलेलं अंतर यांत फरक पडला, तर खूण वरचढ. कारण विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने खूण बघून व्यवहार केला होता. जुन्या सर्व्हेअरने साखळी ढिली ओढली असेल, तरी त्याने दगड रोवला तिथेच हद्द. तुमचं यंत्र त्या दगडाची जागा मिलिमीटरमध्ये सांगेल. तो दगड मूळचा आहे की मागच्या पावसात कुणी सरकवला, हे सांगणार नाही.

आणि कधी कधी जमीनच हलते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या परिसरात २०१० आणि २०११ च्या भूकंपांनी जमीन सरकली, कुठे कुठे कुंपण, घर, खुणा सगळं एकत्र. हद्द जुन्या आकड्यांवर ठेवायची की जमिनीबरोबर न्यायची? अखेर २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला: भूस्खलनाचा भाग सोडला तर जमीन सरकली तशी हद्दही सरकली असं धरायचं. हे कुठल्याही उपग्रहाला ठरवता आलं नसतं.

रोव्हर

वकीलसाहेब, दुसरी बाजूही सांगा. सिंगापूरने २००४ मध्ये निर्देशकांवर आधारित हद्द-व्यवस्था आणली. खुणा हरवल्या, उखडल्या, वर इमारत झाली, तरी नोंदवलेल्या निर्देशकांवरून हद्द पुन्हा काढता येते. लहान देश, दाट वस्ती, सगळीकडे एकच निर्देशक चौकट, उत्तम संदर्भ केंद्रं. तिथे चाललं. मग बाकीच्यांनी दगडाला कवटाळून का बसायचं?

दाखल्यादाखल

चालतं, नाकारत नाही. पण त्यासाठी आधी प्रत्येक तुकडा एकदा नीट मोजून, वाद मिटवून नोंदवावा लागतो. जुने वाद न मिटवता नुसते निर्देशक चढवले, तर चुकीची हद्द सेंटिमीटरच्या अचूकतेने कायम होते. आधी निदान सगळ्यांना माहीत होतं की नकाशा ढोबळ आहे, म्हणून शेजारी-शेजारी समजुतीने घ्यायचे. आता कागदावर तीन दशांश स्थळं बघून दोघंही चढाईला येतात.

जुनी_साखळी

वकीलसाहेब, हे शेवटचं वाक्य मी फ्रेम करून लावतो.

रोव्हरसाठी एक गंमत. मे २०२४ चा दुसरा शनिवार आठव. आभाळ निरभ्र, मैदान उघडं, बेसवर बॅटरी भरलेली, आणि फिक्स म्हणून लागेना. लागला तर दोन मिनिटांत सुटायचा. केबल बदलली, रेडिओ बदलला, शेवटी यंत्राला शिव्या दिल्या. रात्री बातमीत कळलं की वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ पृथ्वीवर आदळलंय. अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळला की लहरी वाटेत उशीर करतात, आणि ते कोडं सुटत नाही. मी दुसऱ्या दिवशी टोटल स्टेशन काढलं. त्याला सूर्याशी देणंघेणं नाही, उन्हाचा त्रास असला तर माझ्या टकलाला.

रोव्हर

मान्य. तो दिवस मीही रेडिओ उघडून बसलो होतो.

अर्धवट

सर्वांना नमस्कार. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, धागा सलग वाचून काढला. सरळ विचारतो: मी थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) आणि लेव्हल शिकण्यात वेळ घालवू की पायथन प्रोग्रॅमिंग आणि पॉइंट क्लाउड (मोजलेल्या लाखो बिंदूंचा ढग) शिकू? सीनियर म्हणतात पाच वर्षांत एआय सगळं ड्रॉइंग स्वतः करेल. कॉलेजात थिओडोलाइट आहे, पण त्याचा उभा स्क्रू अडकलेला आहे आणि कुणी दुरुस्त करत नाही.

आकडेमोड

दोन्ही शीक, हे गुळगुळीत उत्तर झालं, म्हणून नेमकं सांगतो. पायथन शीक, कारण वीस कोटी बिंदूंची फाइल हाताने चाळता येत नाही. आणि ट्रॅव्हर्सचं क्लोजर, म्हणजे मोजत फेरी मारून सुरुवातीला परत आलं की किती चुकलं ते, एकदा तरी कागदावर हाताने काढ. चूक कोनात आहे की अंतरात, ती कुठल्या बाजूला ढकलली जाते, हे बोटांना कळायला हवं. मग सॉफ्टवेअरने 'समायोजन यशस्वी' म्हटलं तरी तुला शंका येईल. लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या गणिताने मापं जुळवतं ते, चूक काढून टाकत नाही, सगळ्यांत वाटून देतं. एक घोडचूक दहा चांगल्या मापांत वाटली गेली की अकराही मापं वाईट.

एआयचं म्हणशील तर रस्त्याच्या कडा, इमारतींचे छप्पर, विजेचे खांब, हे तो फोटोंतून पटापट काढतो. आमच्याकडे रोज चालतं. पण मागच्या महिन्यात त्याने एका आयताकृती पाण्याच्या टाकीला घर म्हटलं आणि तिच्या सावलीला दुसरं घर. हे हसण्यावारी जातं. न हसण्यासारखं असं: कुंपण दिसलं की तो तिथे सुबक, सरळ रेघ काढतो, आणि बघणारा तिलाच हद्द समजतो. कुंपण कुणी कुठे घातलं, कुणाच्या परवानगीने, हे फोटोत नसतं.

बिंदुमेघ

लेझर स्कॅनरला काचेची खिडकी दिली की तो काचेच्या पलीकडे एक अख्खी खोटी खोली बांधतो, प्रतिबिंबाची. नव्या पोराने ती खोली मॉडेलमध्ये ठेवली होती. दारसुद्धा काढलं होतं तिला.

जुनी_साखळी

@अर्धवट, तो अडकलेला स्क्रू वाचून एक जुनी गोष्ट आठवली. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया-रेषा (जिच्यावरून पुढचे सगळे त्रिकोण काढायचे ती) मोजून हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. साडेसात मैलांची ती एक रेषा मोजायला ५७ दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांत, तिपायांवर ठेवायची, शेजारी तापमापक. (रोव्हर, बघ, तापमान लिहिणारे होते!) त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. अंशांची मोठी चकती वाकली. नवं यंत्र विलायतेहून यायला कोण जाणे किती वेळ गेला असता. गड्याने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे ती चकती थोडी थोडी ओढत-ठोकत जागेवर आणली. पुढे त्याच यंत्राने काम चालू राहिलं.

आज माझ्या यंत्राचं वार्षिक सदस्यत्व संपलं की ते सकाळी सुरू होतं आणि नम्रपणे सांगतं की हे फंक्शन आपल्यासाठी बंद आहे. त्याला मी तंबूत कोंडून काय करू?

तर अर्धवट, तो स्क्रू आधी तू उघड. कुणी दुरुस्त करत नसेल तर तू कर. बिघडला तर बिघडलेलाच आहे.

रोव्हर

हे मात्र पटलं काका. आणि एक दुखणं माझंही सांगतो, आतापर्यंत मी नुसता यंत्रांची बाजू घेत होतो. मी एकट्याने काम करतो त्याचा अभिमान आहे, वेगही आहे. पण माझ्याबरोबर स्टाफ धरायला कुणी नाही, म्हणजे माझ्याकडे बघून शिकायलाही कुणी नाही. मी तुमच्यासारख्या एका माणसाच्या मागे दोन वर्षं प्रिझम धरून फिरलो. तो बांधाच्या कोपऱ्यात थांबायचा, झाडांकडे बघायचा, म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसायचा. मला वाटायचं वेळ घालवतोय. माझ्या हाताखाली आता कोण वेळ घालवणार?

अर्धवट

मी येतो की.

रोव्हर

ये. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. उन्हाची तयारी ठेव.

जुनी_साखळी

आठवडाभराने परत आलो. धाग्याचा शेवट मीच करायला हवा असं नाही, पण तो जमीनमालक आठवतोय ना, 'यात तुमचं काय' म्हणणारा? त्याच्याकडे पुन्हा गेलो. एक कोपरा सापडत नव्हता. जुन्या नकाशावर दगड दाखवलेला, जमिनीवर काही नाही. मी जुनी मापं आजच्या निर्देशकांत बसवली, रोव्हरने जागा काढली आणि त्यालाच कुदळ दिली. पाऊण हात खोल गेल्यावर दगडाचा माथा लागला. काढलेल्या जागेपासून चौदा सेंटिमीटर पूर्वेला.

आता त्याचा शेजारी म्हणतोय की यंत्राने सांगितलेलीच जागा धरा, यंत्र खोटं बोलत नाही. मालक म्हणतोय दगड धरा. कालपर्यंत दोघंही उलट बोलत होते.

दाखल्यादाखल

दगड हलवलेला वाटतो का? जमिनीत पाऊण हात खाली असलेला दगड सहसा कुणी हलवत नाही, पण नांगराने कलतो.

जुनी_साखळी

तेच बघायला आजूबाजूची माती हाताने काढली, कुदळ बाजूला ठेवून. दगड ताठ उभा, आणि बुडाशी कोळशाचा थर. अगदी सपाट, न विस्कटलेला.

@अर्धवट, तुझ्यासाठी: जुने मोजणीदार बऱ्याच ठिकाणी हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे. कोळसा कुजत नाही, आणि आपोआप तिथे येत नाही. दगड कुणी सरकवला तर कोळसा मागे राहतो. रोमन भूमापकांपासूनची युक्ती आहे. हा कोळसा दगडाच्या बरोबर खाली आहे, म्हणजे चौदा सेंटिमीटर जुन्या साखळीत होते, दगडात नाहीत. दोघांना खड्ड्यात वाकून बघायला लावलं. शेजारी बराच वेळ बघत होता, मग काही न बोलता गेला.

अर्धवट

काका, रोव्हरदादांबरोबर सोमवारपासून जातोय. एक प्रश्न: कोळसा सापडला हे ड्रॉइंगमध्ये कुठल्या लेयरला टाकायचं?

आकडेमोड

लेयर नाही त्याला. शेरा म्हणून लिही, कोण हजर होतं त्यांच्या नावांसकट.

जुनी_साखळी

आणि फोटो काढ, मोजपट्टी शेजारी ठेवून. खड्डा बुजवायच्या आधी.